विंडोजचे ‘थ्रीडी पाइप्स’ ब्राउझरमध्ये: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

एमएस-सीआयटीच्या क्लासमध्ये दोघांत एक कॉम्प्युटर असायचा. सर फळ्यावर थिअरी लिहीत असले की माउसला हात लावायचा नाही, हा नियम. मग थोड्या वेळाने स्क्रीन काळी व्हायची आणि कुठूनतरी एक पाइप निघायचा. त्याच्या मागोमाग दुसरा, तिसरा. पुढच्या वळणाला तो डावीकडे जाणार की खाली, यावर माझी आणि शेजारच्या मुलाची वडापावची पैज लागायची. मी किती वडापाव हरलो ते विचारू नका.

हा विंडोजचा ‘थ्रीडी पाइप्स’ स्क्रीनसेव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला कुणी हात लावला नाही की आपोआप सुरू होणारं चित्र. तेच पाइप ब्राउझरमध्ये उभे करायचं गेल्या वर्षी मनात आलं. काम तीन रविवारांचं होतं, मला दोन महिने लागले. कारण मी त्यात सुधारणा करत बसलो. पाइपवर प्रतिबिंबं आणली, सावल्या आणल्या, कॅमेरा हळूहळू फिरवला. दिसायला झकास, पण ते ‘ते’ पाइप नव्हते. शेवटी सगळं फेकून दिलं आणि मूळ प्रोग्राम जेवढं करायचा तेवढंच केलं, तेव्हा कुठे जमलं. तुमचे ते दोन महिने वाचावेत म्हणून हे लिहितोय.

या लेखात कोड छापलेला नाही, हे मुद्दाम. तयार कोड चिकटवला की पाइप लगेच दिसतात, पण पहिला बिघाड आला की कुठे हात घालायचा ते कळत नाही. आज्ञांची नावं देवनागरीत दिली आहेत; थ्री डॉट जेएस, म्हणजे ब्राउझरमध्ये त्रिमितीय चित्रं काढायची जावास्क्रिप्ट लायब्ररी, तिच्या कागदपत्रांत शोधताना ती इंग्रजीत टाका, लगेच सापडतील.

१. आधी मूळ नीट पाहा, पण फाइल उतरवू नका

पहिला सापळा इथेच आहे. जुना स्क्रीनसेव्हर बघायचा म्हणून लोक इंटरनेटवरून ‘एससीआर’ फाइल उतरवतात. ही फाइल चित्राची किंवा व्हिडिओची नसते. तो सरळ सरळ चालणारा प्रोग्राम असतो, ‘ईएक्सई’चाच भाऊ. अनोळखी ठिकाणाहून आणलेल्या एससीआरवर डबल-क्लिक करणं म्हणजे अनोळखी माणसाला घराची किल्ली देणं. त्यापेक्षा घरात विंडोज एक्सपीचा जुना डबा पडला असेल तर तो सुरू करा, नाहीतर कुणीतरी चित्रित करून ठेवलेले व्हिडिओ बघा. तेवढं पुरतं.

थोडा इतिहास सांगतो, कारण पुढच्या पायऱ्यांत तो कामाला येतो. हे पाइप १९९४ च्या विंडोज एनटी ३.५ बरोबर आले. त्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने ओपनजीएल ही त्रिमितीय चित्रं काढण्याची सोय पहिल्यांदा दिली होती, आणि ‘बघा, आम्हालाही हे येतं’ असं दाखवायला काहीतरी हवं होतं. मायक्रोसॉफ्टमध्ये वर्षानुवर्षं काम केलेले रेमंड चेन सांगतात की ओपनजीएलच्या टीमने आपसात स्क्रीनसेव्हरची स्पर्धा लावली आणि तिच्यातून आलेले स्क्रीनसेव्हर विंडोजबरोबर गेले. विंडोज एक्सपीपर्यंत पाइप टिकले, त्यानंतरच्या व्हिस्टातून ते काढून टाकले गेले.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की तेव्हा घरोघरी त्रिमितीय चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्ड नव्हतं. सगळं चित्र मुख्य प्रोसेसरच काढायचा. सर्व्हरवर ओपनजीएलचे स्क्रीनसेव्हर लावू नका, ते प्रोसेसर खाऊन टाकतात, असा सल्ला मायक्रोसॉफ्टलाच द्यावा लागला होता. म्हणून हे पाइप लिहिणाऱ्यांनी कमालीची काटकसर केली. त्यांचं रूप त्या काटकसरीतून आलेलं आहे.

पाहताना वहीत या गोष्टी टिपा:

- पाइप गुळगुळीत सरकत वाढत नाही, तुकड्या-तुकड्याने टपटप वाढतो.
- एकदा काढलेला तुकडा पुन्हा हलत नाही. कॅमेरा स्थिर असतो.
- वळणावर कधी गोळा असतो, कधी एल्बो, म्हणजे काटकोनात वाकलेला जोड. सेटिंगमध्ये दोन्ही मिसळायचीही सोय होती.
- जवळचे पाइप स्क्रीनच्या कडेबाहेर जातात. सगळं चौकटीत नीट मावलेलं नसतं.
- फेरी संपली की स्क्रीन एकदम काळी होत नाही, काळे चौकोन पडत पडत झाकली जाते.

२. काय काय लागेल

- वेबजीएल, म्हणजे ब्राउझरमध्ये त्रिमितीय चित्रं काढायची सोय, चालणारा ब्राउझर. वेबजीएलची पहिली आवृत्ती २०११ ची आहे, त्यामुळे आजचा कुठलाही चालेल.
- थ्री डॉट जेएस ही मोफत लायब्ररी. थेट वेबजीएलमध्येही लिहिता येतं, पण नवख्याने तो नाद करू नये. पहिला त्रिकोण दिसेपर्यंत रविवार संपतो.
- व्हीएस कोड किंवा तुमच्या हाताला बसलेला दुसरा एडिटर.
- स्वतःच्या मशीनवर चालणारा छोटा सर्व्हर. पायथन असेल तर त्यातच तो तयार मिळतो, व्हीएस कोड वापरत असाल तर ‘लाइव्ह सर्व्हर’ हे एक्स्टेंशन घाला.
- चौकटीची वही आणि पेन्सिल. गंमत नाही, चौथ्या आणि सहाव्या पायरीला लागणारच.

गणित आठवी-नववीचं पुरतं: एक्स, वाय, झेड हे अक्ष आणि ‘दिशा’ म्हणजे काय एवढी समज. जावास्क्रिप्टमध्ये लूप, ॲरे आणि फंक्शन लिहिता यायला हवं.

३. रिकामं काळं पान उघडा

एक एचटीएमएल फाइल, एक जावास्क्रिप्ट फाइल. त्यात थ्री डॉट जेएसचा सीन (वस्तू ठेवायची जागा), कॅमेरा आणि रेंडरर (चित्र काढणारा). पानाच्या कडेची पांढरी पट्टी घालवायला बॉडीचं मार्जिन शून्य करा.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, फाइलवर डबल-क्लिक करून पान उघडलंत तर ते कोरंच राहील आणि कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या चुका दाखवणाऱ्या खिडकीत, लाल अक्षरं दिसतील. फाइल अशी थेट उघडली की ब्राउझर मॉड्यूल, म्हणजे कोडची सुटी फाइल, आत घेऊ देत नाही, म्हणूनच तो छोटा सर्व्हर. दोन, जुने धडे ‘थ्री डॉट मिन डॉट जेएस’ ही फाइल स्क्रिप्ट टॅगमध्ये जोडायला सांगतात. नव्या आवृत्त्यांत ती फाइल लायब्ररीबरोबर येतच नाही. आता ‘इम्पोर्ट मॅप’, म्हणजे कुठलं मॉड्यूल कुठल्या पत्त्यावर आहे त्याची यादी, लिहून मॉड्यूल आणायचं. आणि आवृत्तीचा आकडा पत्त्यात पक्का लिहून टाका. ‘लेटेस्ट’ असं लिहिलंत तर आज चालणारं पान सहा महिन्यांनी कशामुळे बिघडलं ते शोधत बसाल.

४. चाल: हे काम वहीत करा

पाइप हे चित्र नंतर, आधी तो एक खेळ आहे. सापशिडीतल्या सापासारखा नाही, जुन्या नोकियातल्या सापासारखा. फरक इतकाच की शेपूट कधी सुटत नाही.

एक त्रिमितीय जाळी घ्या. माझी रुंदीला २४, उंचीला १४ आणि खोलीला १४ खान्यांची आहे, म्हणजे ४७०४ खाने. प्रत्येक खाना रिकामा तरी असतो किंवा भरलेला तरी. पाइपची चाल अशी:

कुठलाही रिकामा खाना निवडा आणि भरलेला म्हणून नोंदवा. सहा दिशांपैकी एक घ्या. पुढचा खाना जाळीच्या आत आणि रिकामा असेल तर तिकडे जा, तो भरा. नसेल तर उरलेल्या दिशांतली मोकळी दिशा बघा. एकही मोकळी नसेल तर हा पाइप संपला. नवा सुरू करा.

मागे फिरू नये यासाठी वेगळा नियम लिहायची गरज नाही. मागचा खाना भरलेलाच असतो, त्यामुळे तो आपोआप बाद होतो. मी हा नियम वेगळा लिहिला होता आणि त्यातच चूक केली होती.

दर खान्याला सहा दिशांतून चिठ्ठी काढलीत तर पाइप न राहता नूडल्स होतात. मूळ पाइप बराच वेळ सरळ जातात आणि मग अचानक वळतात. म्हणून सरळ जाण्याकडे कल ठेवा: समोरचा खाना मोकळा असेल तर चारात तीनदा सरळ, एकदा वळण. हा आकडा बदलून बघा, सगळी मजा या एका आकड्यात आहे. नऊ-दशांशावर गेलात तर कारखाना दिसतो, अर्ध्यावर आणलात तर वारूळ.

आधी चौकटीच्या वहीत दोन मितींत एखादा पाइप हाताने चालवा. मग कोड लिहा आणि खान्यांचे आकडे नुसते कन्सोलमध्ये छापा. आकडे बरोबर येईपर्यंत एकही सिलिंडर काढू नका.

एक सापळा सांगून पुढे जातो. ‘रिकामा खाना मिळेपर्यंत चिठ्ठ्या काढत राहा’ असा लूप लिहिलात आणि जाळी भरत आली, तर ब्राउझरचा तो टॅब गोठतो. शंभर प्रयत्नांत खाना मिळाला नाही तर फेरी संपली असं समजा.

५. सरळ तुकडा

प्रत्येक खान्याची बाजू १ धरा. पाइप म्हणजे ०.२ त्रिज्येचा, १ लांबीचा, दोन्ही टोकांना उघडा सिलिंडर. घेराला १६ बाजू पुरतात. असा एकच सिलिंडर बनवा आणि सगळीकडे तोच वापरा. प्रत्येक तुकड्याला नवा बनवलात आणि जुने ‘डिस्पोज’ केले नाहीत, म्हणजे मेमरीतून काढले नाहीत, तर तासाभरात मेमरी फुगते आणि लॅपटॉपचा पंखा तक्रार करायला लागतो.

थ्री डॉट जेएसमधला सिलिंडर जन्मतः उभा असतो, वाय अक्षावर. तो आडवा करायला लोक ‘लुक-ॲट’ वापरतात आणि फसतात, कारण ती आज्ञा वस्तूचा झेड अक्ष फिरवते. सिलिंडर मग खांबासारखा भलतीकडेच उभा राहतो. योग्य आज्ञा क्वाटर्नियनवरची ‘सेट फ्रॉम युनिट व्हेक्टर्स’. तिला सांगायचं: ‘वर’ ही दिशा घे आणि पाइपच्या दिशेला वळव. बस. क्वाटर्नियन म्हणजे काय ते आत्ता समजलं नाही तरी अडत नाही. मला अजूनही फक्त कामापुरतंच समजतं.

कॅमेरा ५० अंशांचा आणि जाळीच्या मध्यापासून १६ खाने दूर ठेवा. या अंतरावर जाळीचा मधला थर स्क्रीनच्या उंचीला जवळपास नेमका बसतो, पुढचे पाइप कडेबाहेर जातात आणि मागचे आत मावतात. सगळी जाळी दिसावी म्हणून कॅमेरा मागे नेऊ नका. मग काचेच्या पेटीत ठेवलेलं खेळणं दिसतं.

६. जोड: गोळा सोपा, एल्बो अवघड

हार्डवेअरच्या दुकानात पाइप घ्यायला गेलात की एल्बो, कपलर, एंड कॅप वेगळे मागावे लागतात. इथेही तसंच. मी सुरुवातीला खान्याच्या मध्यापासून पुढच्या खान्याच्या मध्यापर्यंत पाइप काढायचो. गोळ्याला ते चालतं, पण एल्बोला पाइप कोपऱ्यातून बाहेर डोकावतो. मग कापाकापी, मग ठिगळं. शेवटी प्रत्येक खाना हाच एक सुटा तुकडा मानला आणि गाडी रुळावर आली. खान्याच्या एका भिंतीतून पाइप आत येतो, दुसऱ्या भिंतीतून बाहेर जातो. आत काय काढायचं हे त्या खान्यानेच ठरवायचं:

- सरळ खाना: १ लांबीचा सिलिंडर.
- गोळ्याचा खाना: येणाऱ्या बाजूला अर्ध्या लांबीचा सिलिंडर, जाणाऱ्या बाजूला अर्ध्या लांबीचा, मध्ये गोळा. गोळ्याची त्रिज्या पाइपपेक्षा थोडी जास्त ठेवा. माझी ०.२८ आहे.
- पहिला आणि शेवटचा खाना: गोळा आणि एकच अर्धा सिलिंडर. पाइपचं तोंड उघडं दिसत नाही.
- एल्बोचा खाना: खाली सविस्तर.

यासाठी पाइपचं डोकं जिथे आहे त्याच्या एक खाना मागे चित्र काढावं लागतं, कारण पुढे कुठे वळायचं ते ठरल्याशिवाय हा खाना सरळ की वाकडा ते कळत नाही. हा एका खान्याचा उशीर बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

आता एल्बो. थ्री डॉट जेएसमध्ये ‘टोरस’ नावाचा आकार आहे, म्हणजे मेदूवडा. आपल्याला वड्याचा चतकोर हवा. टोरसला पाचवा आकडा कंसाचा देता येतो, तिथे पाय (π) या संख्येचा अर्धा, म्हणजे ९० अंश द्या. वड्याच्या मध्यापासून पाइपच्या मध्यरेषेपर्यंतची त्रिज्या अर्धा खाना ठेवली तर चतकोर बरोबर भिंतीपासून भिंतीपर्यंत बसतो आणि काम सोपं होतं, पण वळण सैल दिसतं, बागेतल्या रबरी नळीसारखं. मूळ एल्बो घट्ट होता. मी त्रिज्या ०.३ ठेवली आणि दोन्ही बाजूंना ०.२ लांबीचे सरळ तुकडे जोडले. त्या तुकड्यांचा मध्य खान्याच्या मध्यापासून ०.४ वर येतो.

चतकोर कुठे ठेवायचा आणि कसा फिरवायचा, यात माझा अख्खा रविवार गेला. इथे चौकटीची वही काढा. पाइप ज्या दिशेने चालत आला ती ‘येणारी’ दिशा, वळून ज्या दिशेने निघाला ती ‘जाणारी’. दोन्ही दिशा पाइपच्या चालीच्या आहेत, हे घट्ट धरून ठेवा. मग:

वड्याचा मध्य = खान्याचा मध्य, उणे येणारी दिशा गुणिले ०.३, अधिक जाणारी दिशा गुणिले ०.३.

म्हणजे वळणाच्या आतल्या बाजूचा कोपरा. वहीत काढलंत की लगेच पटेल. आता फिरवणं. थ्री डॉट जेएसचा चतकोर एक्स अक्षावर सुरू होतो आणि वाय अक्षावर संपतो. आपला चतकोर वड्याच्या मध्यातून पाहिलं तर ‘जाणारीच्या उलट’ दिशेला सुरू होतो आणि ‘येणारी’च्या दिशेला संपतो. म्हणून वस्तूचा एक्स अक्ष म्हणजे उणे जाणारी, वाय अक्ष म्हणजे येणारी, आणि झेड अक्ष म्हणजे या दोघांचा याच क्रमाने केलेला क्रॉस गुणाकार (दोन्हींना काटकोनात असलेली तिसरी दिशा देणारा). हे तिन्ही मॅट्रिक्सच्या ‘मेक बेसिस’ या आज्ञेला द्या. चोवीस प्रकारची वळणं असतात, सगळी या एका ओळीत बसतात.

क्रॉस गुणाकाराचा क्रम उलटा झाला तर एल्बो बिघडतो: भलतीकडे वळतो किंवा आतून-बाहेर झाल्यासारखा दिसतो. असं दिसलं की दुसरीकडे शोधू नका, क्रम बदला. मी तर याआधी चोवीस वळणांसाठी चोवीस ‘इफ’ लिहायला घेतले होते. अकराव्यावर थांबलो.

७. पुसायचं नाही

मूळ प्रोग्रामची खरी करामत ही. साधारणपणे त्रिमितीय चित्रात दर फ्रेमला स्क्रीन पुसून सगळं पुन्हा काढतात. पाइप लिहिणाऱ्यांना ते परवडणारं नव्हतं. त्यांनी जुनं चित्र तसंच ठेवलं आणि दर वेळी फक्त नवा तुकडा वरून काढला. कुठला पाइप पुढे आणि कुठला मागे हे डेप्थ बफरमध्ये नोंदलेलं असतं, त्यामुळे मागचा नवा तुकडा पुढच्या जुन्या पाइपवर चढत नाही. भिंत रंगवणारा माणूस एकेक पट्टा ओढत जातो, रोज सकाळी आधीची भिंत खरवडत नाही, तसं.

ब्राउझरमध्ये यासाठी दोन गोष्टी लागतात. रेंडररची ‘ऑटो क्लिअर’ बंद करा. आणि रेंडरर बनवतानाच ‘प्रिझर्व्ह ड्रॉइंग बफर’ चालू करा, नंतर चालू करता येत नाही. ही दुसरी गोष्ट विसरलात तर काळ्या स्क्रीनवर शेवटचा एकच तुकडा लुकलुकत राहील. मग दर वेळी सीनमध्ये फक्त नवे तुकडे ठेवा, एकदा रेंडर करा आणि सीन रिकामा करा. नवा तुकडा नसेल त्या फ्रेमला रेंडर करायचीच गरज नाही.

याचा फायदा जुन्या फोनवरही दिसतो: पाइप दहा असोत की दोनशे, काम तेवढंच. तोटा असा की कॅमेरा हलवता येत नाही. माझ्या सुधारणा फेकायची वेळ आली ती इथेच. फिरणाऱ्या कॅमेऱ्यासाठी सगळे तुकडे लक्षात ठेवावे लागतात. मूळ पाइपला काहीच आठवत नाही, त्याला फक्त भरलेले खाने माहीत असतात.

खिडकीचा आकार बदलला की कॅनव्हास कोरा होतो. तेव्हा जुनं परत आणायच्या भानगडीत न पडता नवी फेरी सुरू करा. मात्र आकार बदलल्याचा निरोप ब्राउझर एकदा नाही, दहादा देतो. फोनवर तर वरची पत्त्याची पट्टी लपली तरी देतो. शेवटच्या निरोपानंतर पाव सेकंद थांबून मगच पुसा.

लॅपटॉप झोपून उठल्यावरही कधी कधी चित्र जातं, कारण ग्राफिक्सचा धागाच तुटतो. ‘वेबजीएल कॉन्टेक्स्ट रिस्टोअर्ड’ या घटनेवरही तीच नवी फेरी.

८. रंग आणि उजेड

पाइपचा पृष्ठभाग कसा दिसेल ते ‘मटेरियल’ ठरवतं. ‘मेश फाँग मटेरियल’ घ्या. नव्या प्रकारची मटेरियल्स धातू-काच झकास दाखवतात, पण आपल्याला नव्वदच्या दशकातलं चकचकीत प्लास्टिक हवंय. चमक पांढरट, रंग भडक. प्रत्येक पाइपला एक रंग, संपेपर्यंत तोच. रंगछटा चिठ्ठीने काढा, पण संपृक्तता आणि उजळपणा ठरावीक ठेवा, नाहीतर मळकट पाइप निघतात.

दिवे दोन: सगळीकडचा मंद एक, आणि कॅमेऱ्याच्या मागून डाव्या खांद्यावरून येणारा एक. सावल्या बंदच ठेवा. आता सापळा: थ्री डॉट जेएसच्या आवृत्ती १५५ पासून उजेडाचा हिशेब बदलला आहे. जुन्या धड्यातले आकडे तसेच उतरवलेत तर पाइप लोडशेडिंगमध्ये असल्यासारखे दिसतात. दिव्यांच्या जुन्या आकड्यांना ३.१४ ने गुणा.

९. वेग

‘रिक्वेस्ट ॲनिमेशन फ्रेम’मध्ये दर फ्रेमला एक तुकडा वाढवलात, तर तुमच्या ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर ठीक चालेल आणि गेम खेळणाऱ्या मित्राच्या १४४ हर्ट्झवर पाइप पिसाळल्यासारखे धावतील. फ्रेम मोजू नका, वेळ मोजा. फंक्शनला मिळणारा वेळेचा शिक्का साठवा आणि दर १०० मिलिसेकंदांना एक पाऊल टाका. मी एका वेळी तीन पाइप चालवतो.

टॅब बदलला की ब्राउझर फ्रेम देणं थांबवतो. दहा मिनिटांनी परत आलात तर साचलेली सहा हजार पावलं एका दमात टाकली जातील. म्हणून दोन फ्रेममधलं अंतर पाव सेकंदापेक्षा जास्त धरायचंच नाही.

१०. फेरी संपवणं

साधारण १२०० खाने भरले की थांबा. चाळीसेक सेकंदांत तेवढे होतात. जाळी पूर्ण भरू देऊ नका, शेवटी शेवटी पाइप दोन-दोन खान्यांचे होतात आणि चित्र गोळ्यांच्या ढिगासारखं दिसतं.

काळ्या चौकोनांसाठी वर दुसरा पारदर्शक कॅनव्हास ठेवा, साधा द्विमितीय. चौकोनांची यादी करा, पत्ते पिसतात तशी पिसा आणि दर फ्रेमला थोडे थोडे काळे भरत जा. सगळे भरले की खालचा कॅनव्हास पुसा, मग वरचा. यादी पिसायला ‘सॉर्ट’मध्ये यादृच्छिक आकडा देण्याची युक्ती वापरू नका, तिने नीट पिसली जात नाही आणि चौकोनांत पट्टे दिसतात. फिशर-येट्स पद्धत पाच ओळींची आहे, ती लिहा.

११. किटली

मिश्र जोड लावले असताना मूळ पाइपमध्ये अगदी क्वचित गोळ्याच्या जागी चहाची किटली यायची. क्लासमध्ये मी हे सांगितलं तेव्हा कुणी विश्वास ठेवला नव्हता. ही किटली म्हणजे युटा टीपॉट: युटा विद्यापीठात मार्टिन न्यूएल यांनी १९७५ मध्ये घरातल्या किटलीवरून बनवलेला आकार, कॉम्प्युटर ग्राफिक्समधलं सगळ्यांत प्रसिद्ध भांडं. मूळ किटली आता अमेरिकेतल्या माउंटन व्ह्यू इथल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये आहे.

थ्री डॉट जेएसच्या जोडसामानात ‘टीपॉट जिऑमेट्री’ तयार मिळते. आकाराचा आकडा द्यायला विसरू नका. दिला नाही तर तो ५० धरला जातो आणि आपला खाना आहे १ चा. कॅमेरा मग किटलीच्या पोटात जातो. मी ०.३ देतो. हजार गोळ्यांत एकदा ती येऊ द्या. तपासताना मात्र दहात एकदा ठेवा, आणि बाहेर पाठवण्याआधी आकडा परत हजार करायला विसरू नका. माझी पहिली प्रत अमृततुल्य झाली होती.

१२. फुल स्क्रीन आणि इतरांना पाठवणं

फुल स्क्रीन आपोआप होत नाही, माणसाने क्लिक केल्यावरच ब्राउझर परवानगी देतो. म्हणून एक बटण ठेवा. कर्सर लपवा. खऱ्या स्क्रीनसेव्हरसारखं माउस हलताच बाहेर पडायचं असेल तर दहा-वीस पिक्सेलची सूट द्या, नाहीतर टेबलाला धक्का लागला तरी खेळ खलास. पाइप चालू असताना कॉम्प्युटरने स्क्रीन बंद करू नये यासाठी ‘वेक लॉक’ मागावा लागतो. स्क्रीनसेव्हरला स्क्रीन जागी ठेवायची परवानगी मागावी लागते, काय हे दिवस.

ज्यांनी मशीनमध्ये हालचाल कमी ठेवायची सेटिंग केली आहे, त्यांच्यासाठी पाइप आपोआप सुरू करू नका. ‘प्रिफर्स रिड्यूस्ड मोशन’ तपासा आणि त्यांना बटण दाखवा.

पान गिटहब पेजेसवर मोफत ठेवता येतं. माझ्या मशीनवर चालणारं पान तिथे कोरं आलं, कारण फाइलचं नाव मी एका ठिकाणी मोठ्या अक्षराने लिहिलं होतं आणि दुसरीकडे लहान. विंडोजला फरक पडत नाही, तिथे पडतो. सगळी नावं लहान अक्षरांत ठेवा आणि पत्त्याच्या सुरुवातीला तिरकी रेघ देऊ नका. मूळ विंडोजमधली टेक्सचरची, म्हणजे पाइपवर चढवायची, चित्रं किंवा फाइली उचलून तिथे ठेवू नका. बघून स्वतः लिहिणं वेगळं, उचलून ठेवणं वेगळं.

पान तयार झाल्यावर मी पत्ता क्लासमधल्या त्या शेजारच्या मुलाला पाठवला. तो आता पुण्यात पाइप फिटिंगचंच दुकान चालवतो. त्याचं उत्तर आलं: ‘टी जॉइंट कुठेय?’